एकाच मुलाचे दोन बुद्ध्यंक: ८६ खरा की ९७?

एका आईने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. त्यांचा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथीत आहे आणि घरी सगळे मराठी बोलतात. त्याचे वाचन संथ आहे, शुद्धलेखनात फार चुका होतात, पण तोंडी विचारले तर तो बरेच काही नीट सांगतो. शाळेच्या सूचनेवरून, तो नऊ वर्षे चार महिन्यांचा असताना, एका केंद्रात त्याची बिने-कामत चाचणी इंग्रजीतून घेण्यात आली. बुद्ध्यंक ८६ आला आणि अहवालात ‘मंद-सामान्य’ असा शेरा पडला. सहा महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी मालिन यांची चाचणी मराठीतून झाली. तिथे शाब्दिक बुद्ध्यंक ८८, कृतिचाचण्यांचा १०६ आणि एकूण ९७ आला. मुलाला पुन्हा चौथीतच बसवावे, असे शाळेचे म्हणणे आहे. आईला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: कोणता आकडा खरा, शाळेचे ऐकावे का आणि मुलाला हा आकडा सांगावा का.

ताई, मी सत्तावीस वर्षे मुलांच्या चाचण्या घेतो आहे आणि त्यातली काही वर्षे मी चाचण्या घेणाऱ्यांना शिकवलेही आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, आणि तरीही त्यातला एकही आकडा ‘मुलाची बुद्धी’ नाही. हे उत्तर ऐकायला टाळाटाळीसारखे वाटेल, म्हणून ते नीट उलगडून सांगणे मला भाग आहे.

बुद्धिमापनाची सुरुवात ज्या प्रश्नातून झाली तो प्रश्न आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. १९०४ मध्ये फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाने एक समिती नेमली. प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यामुळे सर्व थरांतील मुले वर्गात आली होती आणि त्यांतल्या कोणाला वेगळी मदत लागते हे कसे ओळखावे, हा समितीपुढचा प्रश्न होता. शिक्षकांच्या मतावर सोपवले तर खोडकर मूल, अबोल मूल आणि खरोखर अडलेले मूल एकाच टोपलीत पडतील, अशी भीती होती आणि ती रास्त होती. आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये तीस प्रश्नांची एक श्रेणी तयार केली. १९०८ मध्ये त्यांनी प्रश्न वयानुसार लावले आणि ‘मानसिक वय’, म्हणजे मूल कोणत्या वयाच्या पायरीपर्यंतचे प्रश्न सोडवते त्यावरून ठरणारे वय, ही कल्पना रूढ झाली. ही श्रेणी मदत कोणाला द्यायची हे ठरवण्यासाठी होती, कोणाला बाहेर काढायचे हे ठरवण्यासाठी नव्हती. बुद्धी ही जन्मतः ठरलेली आणि न वाढणारी राशी आहे, या समजुतीला बिने यांनी १९०९ मध्ये लेखी विरोध केला होता. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना त्यानंतर, १९१२ मध्ये, जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मांडली. भागाकाराला शंभराने गुणून आजचा परिचित बुद्ध्यंक प्रचारात आणला तो स्टॅनफर्डच्या लुइस टर्मन यांनी १९१६ मध्ये. म्हणजे आपल्या हातातल्या अहवालावरचा तो ठळक आकडा बिने यांनी स्वतः कधीच वापरला नव्हता.

आता कामत यांच्याकडे येतो, कारण मराठी मुलांच्या बाबतीत त्यांचे काम मला विशेष महत्त्वाचे वाटते. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी टर्मन यांची १९१६ ची चाचणी घेऊन १९३४ च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील कन्नड आणि मराठी मुलांसाठी तिचे रूपांतर केले. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रकाशित केला आणि त्याची चौथी आवृत्ती १९६७ मध्ये निघाली. या कामाला केवळ भाषांतर म्हणणे चुकीचे ठरेल. कॅलिफोर्नियातील सहा वर्षांच्या मुलाला जो प्रश्न सोपा जातो तो इलाख्यातल्या सहा वर्षांच्या मुलाला सोपा जाईलच असे नाही. कोणता प्रश्न कोणत्या वयाच्या पायरीवर ठेवायचा, हे प्रत्यक्ष मुलांना विचारूनच ठरवावे लागते. शब्दसंग्रहाच्या चाचणीत तर शब्द बदलला की अवघडपणाच बदलतो. ‘ही मुले आपल्या भाषेत, आपल्या वयाच्या इतर मुलांच्या तुलनेत कुठे आहेत’ असा नेमका प्रश्न विचारता यावा, म्हणून कामतांनी ही मेहनत केली होती. आपल्या मुलाच्या पहिल्या केंद्रात काय झाले ते पाहा. मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बसवलेली चाचणी मराठी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजीतून विचारली गेली, केवळ त्याच्या शाळेचे माध्यम इंग्रजी आहे म्हणून. असा तोंडी अनुवाद परीक्षक जागच्या जागी करतो. त्या इंग्रजी प्रश्नांना ना कामतांची मानके, म्हणजे त्या त्या वयाच्या मुलांवरून ठरवलेली तुलनेची मापे, लागू पडतात, ना इतर कोणाची. दुर्दैवाने ही पद्धत सर्रास चालते आणि मला तिचे मनापासून वाईट वाटते.

बिने-कामत चाचणीतला आकडा कसा तयार होतो तेही पालकांनी एकदा समजून घ्यावे, म्हणजे त्याचा धाक कमी होईल. वयाच्या प्रत्येक पायरीवर सहा प्रश्न असतात. दहा वर्षांपर्यंत प्रत्येक बरोबर उत्तराला दोन महिने मिळतात, पुढे बारा, चौदा आणि सोळा या पायऱ्यांवर चार महिने आणि त्यापुढे सहा महिने. समजा आपल्या मुलाने सहाव्या वर्षाच्या पायरीवरचे सर्व प्रश्न सोडवले, तर त्याच्या खाती बहात्तर महिने जमा झाले. सातव्या पायरीवर पाच, आठव्यावर चार, नवव्यावर दोन आणि दहाव्यावर एक असे प्रश्न सुटले, तर आणखी चोवीस महिने मिळून मानसिक वय शहाण्णव महिने होते. त्याचे प्रत्यक्ष वय एकशे बारा महिने होते. ९६ भागिले ११२ गुणिले १०० म्हणजे ८५.७, आणि अहवालात लिहिले जाते ८६. प्रश्नांची नेमकी विभागणी वेगळी असू शकेल, पण हिशेब याच जातीचा असणार. याच मुलाचा एक प्रश्न कमी सुटला असता तर मानसिक वय चौऱ्याण्णव महिने आणि बुद्ध्यंक ८४ झाला असता. तीन प्रश्न जास्त सुटले असते तर ९१. त्या दिवशी सर्दी होती, बाहेर लहान भाऊ रडत होता, परीक्षकाचा उच्चार कळला नाही, अशा कोणत्याही कारणाने दोन-तीन प्रश्न इकडचे तिकडे होणे अगदी सहज शक्य आहे.

यालाच आम्ही मापनाची प्रमाण त्रुटी म्हणतो. चाचणी चांगली असली, तिची विश्वसनीयता (पुन्हा घेतल्यास तसेच गुण येण्याची खात्री; पूर्ण असेल तर १) ०.९० असली आणि गुणांचे प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप) १५ धरले, तरी ही त्रुटी जवळजवळ पावणेपाच गुणांची येते. ९५ टक्के खात्रीने बोलायचे तर मिळालेल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे नऊ गुण सोडावे लागतात. मग ८६ चा अर्थ ‘७७ ते ९५ च्या दरम्यान कुठेतरी’ असा होतो आणि ९७ चा ‘८८ ते १०६ च्या दरम्यान कुठेतरी’. हे दोन पट्टे एकमेकांवर येतात. दोन्ही चाचण्या सारख्या दर्जाच्या आणि एकाच गटावर बसवलेल्या असत्या, तरीसुद्धा त्यांच्यात अकरा गुणांचा फरक केवळ मापनातल्या त्रुटीने पडू शकला असता. इथे तर भाषा वेगळी, परीक्षक वेगळा, प्रश्नांचे स्वरूप वेगळे आणि आकडा काढण्याची रीतही वेगळी आहे. त्यामुळे मुलाची बुद्धी सहा महिन्यांत वाढली किंवा पहिल्या केंद्राने फसवले, असे दोन्ही निष्कर्ष कृपया काढू नका. चूक असलीच तर ती एकुलता एक आकडा पट्ट्याविना छापण्यात आणि त्याच्याशेजारी ‘मंद’ हा शब्द लिहिण्यात आहे. हा शब्द जुन्या वर्गीकरणातून आला आहे आणि तो अहवालातून केव्हाच जायला हवा होता.

मालिन यांची चाचणी वेगळ्या घराण्याची आहे. आर्थर मालिन हे मानसशास्त्रज्ञ नागपुरात काम करत होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेक्सलर यांच्या १९४९ च्या मुलांसाठीच्या चाचणीवरून त्यांनी भारतीय मुलांसाठी ही चाचणी तयार केली आणि ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सहा शाब्दिक आणि पाच कृतींच्या अशा अकरा उपचाचण्या आहेत. शाब्दिक भागात सामान्य माहिती, आकलन, अंकगणित, साम्य ओळखणे, शब्दसंग्रह आणि ऐकलेले अंक पुन्हा म्हणणे येते. कृतींच्या भागात चित्रातली उणीव शोधणे, ठोकळ्यांची रचना, वस्तूचे तुकडे जुळवणे, संकेतचिन्हे भरणे आणि चक्रव्यूहातून वाट काढणे. या चाचणीचा एकूण बुद्ध्यंक म्हणजे शाब्दिक आणि कृती या दोन आकड्यांची सरासरी. आपल्या मुलाच्या बाबतीत ८८ आणि १०६ यांची सरासरी ९७ आली. पण ज्या मुलाच्या दोन बाजूंमध्ये अठरा गुणांचे अंतर आहे, त्याच्याबद्दल ही सरासरी फारच थोडे सांगते. एका गावी पाऊस धो धो पडला आणि शेजारच्या गावी कोरडे राहिले, तर दोघांची सरासरी काढून पेरणी ठरवत नाहीत.

म्हणून मी आपल्याला विनंती करीन की दुसऱ्या केंद्राकडून अकराही उपचाचण्यांचे सुटे गुण मागून घ्या. मुख्य पान पुरेसे नाही. त्यात मी काय पाहीन ते सांगतो. साम्य ओळखणे आणि आकलन यांत मूल चांगले असेल, पण अंक पुन्हा म्हणणे, अंकगणित आणि संकेतचिन्हे यांत खाली असेल, तर विचारशक्ती ठीक आहे आणि क्रमाने आलेली माहिती मनात धरून ठेवण्यात किंवा लक्ष टिकवण्यात अडचण आहे, असा एक अंदाज बांधता येतो. उलट, सामान्य माहिती आणि शब्दसंग्रह हेच दोन खाली असतील, तर वाचन कमी झाल्याने शब्द आणि माहिती कमी जमली असण्याची शक्यता जास्त असते. नऊ-दहा वर्षांच्या मुलात हा फेरा सुरू झालेला असतो: वाचता येत नाही म्हणून तो वाचत नाही, वाचत नाही म्हणून शब्द कमी पडतात, आणि शब्द कमी पडले की शाब्दिक बुद्ध्यंक खाली येतो. अशा वेळी खाली आलेला बुद्ध्यंक वाचनाच्या अडचणीचे कारण नसतो, तो तिचा परिणाम असतो. शाळा नेमके याच ठिकाणी कार्यकारणभाव उलटा लावतात.

‘किती’ सोडून ‘कसे’ याकडे वळवणारे संशोधन गेल्या अर्धशतकात बरेच झाले आहे आणि त्यातले एक महत्त्वाचे नाव भारतीय आहे. ओडिशात जन्मलेले आणि पुढे कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात काम केलेले जगन्नाथ प्रसाद दास यांनी रशियन मेंदूतज्ज्ञ अलेक्झांडर लुरिया यांच्या विचारांवरून बोधनाच्या, म्हणजे जाणून घेण्याच्या आणि विचार करण्याच्या, चार प्रक्रिया मांडल्या: नियोजन, अवधान, एकाच वेळी अनेक घटकांचा मेळ घालणारी समकालिक प्रक्रिया आणि एकामागून एक घटक जोडणारी क्रमिक प्रक्रिया. जॅक नॅग्लिएरी यांच्यासह त्यांनी यावर आधारलेली चाचणी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. अक्षरांचे ध्वनी ओळीने जोडत शब्द वाचणे हे बरेचसे क्रमिक प्रक्रियेचे काम आहे; ठोकळ्यांची रचना पाहून जुळवणे हे समकालिक प्रक्रियेचे. आपला मुलगा कृतींत १०६ मिळवतो आणि वाचनात अडतो, हे या चौकटीत विसंगत वाटत नाही. दास यांच्या मांडणीतले मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की तिच्यातून पुढे काय शिकवावे याची दिशा मिळते. एकट्या बुद्ध्यंकातून ती मिळत नाही.

आता ८५ या आकड्याबद्दल बोलणे अपरिहार्य आहे, कारण त्याचा आपल्या मुलाच्या हक्कांशी थेट संबंध आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली खास अडचण, हा प्रकार एकवीस दिव्यांगत्वांमध्ये धरला. त्यानंतर २०१८ मध्ये केंद्राने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत असा क्रम होता की आधी बुद्धिमापन करावे आणि बुद्ध्यंक ८५ पेक्षा जास्त असेल तरच अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या घ्याव्यात. वर मांडलेला हिशेब आठवा. एक प्रश्न कमी सुटला असता तर आपला मुलगा ८४ वर आला असता, आणि अशा रेषेवर बोट ठेवून त्याला दारातूनच परत पाठवता आले असते. नऊ गुणांची त्रुटी असलेल्या मापनावर एका गुणाची रेषा ओढणे शास्त्राला धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२४ मध्ये सुधारित सूचना आल्या आहेत. म्हणून प्रमाणपत्रासाठी जाल तेव्हा सध्याचा निकष कोणता आणि कोणती चाचणी ग्राह्य धरतात, हे त्या शासकीय केंद्रात लेखी विचारून घ्या.

या रेषेमागचा समज असा होता की खरी वाचन-अक्षमता ‘हुशार असूनही न वाचणाऱ्या’ मुलातच असते. कॅनडातल्याच लिंडा सीगल यांनी १९८९ मध्ये या समजाला आव्हान दिले. अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत बुद्ध्यंकाला जागाच नसावी, असे त्यांनी मांडले. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत दिसले की वाचनात अडलेल्या मुलांची मूळ अडचण, म्हणजे बोललेल्या शब्दातले ध्वनी सुटे करणे आणि ते अक्षरांशी जोडणे, ही जास्त बुद्ध्यंकाच्या आणि कमी बुद्ध्यंकाच्या मुलांत सारखीच असते आणि दोघांनाही सारख्याच प्रकारच्या शिकवण्याचा उपयोग होतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेने बुद्ध्यंक आणि संपादणूक (वाचन-लेखनात मुलाने प्रत्यक्ष मिळवलेली पातळी) यांतल्या तफावतीची अट काढून टाकली. व्यवहारात आपल्यासाठी याचा अर्थ इतकाच की ८६ खरा की ९७ हा प्रश्न सुटेपर्यंत थांबण्याची गरज नाही. दोन्ही आकड्यांवर मुलाला द्यायची वाचनाची मदत एकच आहे, आणि ती आजपासून सुरू करता येते.

जुन्या मानकांबद्दल एक गैरसमज दूर करतो, कारण पालक मला नेहमी म्हणतात की चाचणी जुनी होती म्हणून गुण कमी आले. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील आणि १९८७ मध्ये चौदा देशांतील माहिती तपासून दाखवले की पिढीगणिक मुलांची चाचण्यांमधील कामगिरी वाढत गेली. अमेरिकेत हा वेग दर दशकाला सुमारे तीन गुण होता. तो दर भारताला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण दिशा लक्षात घ्यायला हवी. जुन्या पिढीच्या मानकांशी तुलना केली की आजच्या मुलाचा आकडा सहसा फुगतो, घटत नाही. अपवाद असतो तो ज्या प्रश्नांतल्या वस्तू आणि प्रसंग आजच्या मुलाने पाहिलेलेच नाहीत त्यांचा. म्हणजे एकाच जुन्या चाचणीत काही ठिकाणी आकडा फुगतो आणि काही ठिकाणी मूल विनाकारण अडते. शक्य असेल तर अलीकडची भारतीय मानके असलेली चाचणी घ्यावी, ही शिफारस मी नेहमी करतो. मात्र लहान शहरांत ती महाग पडते आणि प्रशिक्षित परीक्षकही मिळत नाही, हेही मला माहीत आहे. उपलब्ध चाचणी जुनी असली तरी ती जाणत्या हाताने, मुलाच्या भाषेत घेतली आणि निरीक्षणांसह लिहिली, तर ती उपयोगी पडते.

निरीक्षणांचे महत्त्व मी एका मुलाकडून शिकलो. कोकणातून मुंबईत आलेला, घरी मालवणी बोलणारा सात वर्षांचा मुलगा प्रत्येक प्रश्नानंतर बराच वेळ गप्प बसायचा आणि मी पुढच्या प्रश्नाकडे वळायचो. अर्धी चाचणी झाल्यावर त्याच्या आजीने सांगितले की मोठ्या माणसाचे बोलणे पुरते संपल्याची खात्री झाल्याशिवाय बोलू नये, अशी त्याला घरात सवय लावली आहे. त्यानंतर वेळेचे बंधन नसलेल्या प्रश्नांना मी थांबू लागलो आणि उत्तरे येऊ लागली. त्याआधीचे कोरे रकाने माझ्या घाईने रिकामे राहिले होते. आजही अहवालात ‘उत्तर दिले नाही’ आणि ‘उत्तर येत नव्हते’ हे मी वेगळे लिहितो, आणि आपल्या मुलाच्या दोन्ही अहवालांत असे काही लिहिले आहे का ते आपण आवर्जून पाहावे.

आता शाळेच्या म्हणण्याकडे वळतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवता येत नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने फक्त पाचवी आणि आठवीत, तेही परीक्षा आणि फेरपरीक्षेनंतर, मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. चौथीत मागे ठेवण्याला त्यात आधार नाही. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर हा कायदा तिला लागू होत नाही, म्हणून ते आधी पाहून घ्या. पण कायदा बाजूला ठेवला तरी माझा सल्ला नकाराचाच आहे. वाचनाची ज्या प्रकारची अडचण इथे दिसते ती तोच अभ्यास त्याच पद्धतीने पुन्हा एक वर्ष करून सुटत नाही. मूल मित्रांपासून तुटते आणि अडचण जिथल्या तिथे राहते. शाळेशी भांडण करू नका, शाळेकडून एक वेगळी गोष्ट मागा. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आहे आणि तिच्यात आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर केलेल्या तपासणीच्या, नोंदी शिक्षकांनी ठेवायच्या असतात. आपल्या शाळेचे मंडळ वेगळे असले तरी वर्गशिक्षिकांकडे अशा स्वरूपाच्या नोंदी असतात. मुलगा वर्गात मोठ्याने वाचताना कुठे थांबतो, फळ्यावरून उतरवताना किती वेळ घेतो, तोंडी उत्तर आणि लेखी उत्तर यांत किती फरक पडतो, हे त्यांनी दोन महिने लिहून ठेवले, तर माझ्या तासाभराच्या चाचणीपेक्षा ते अनेकदा अधिक सांगून जाते. चाचणी घेणारा मुलाला एकदाच पाहतो. शिक्षिका त्याला रोज पाहतात.

यापुढे काय करावे ते माझ्या क्रमाने सांगतो. सर्वांत आधी डोळे आणि कान तपासून घ्या, आधी झाले असले तरी वर्ष उलटले असेल तर पुन्हा. मग तिसरी बुद्धिचाचणी करू नका. सहा-सहा महिन्यांनी चाचणी घेत राहिल्याने सरावाचे गुण तेवढे वाढतात. त्याऐवजी वाचन, लेखन आणि गणित यांचे संपादन तपासणाऱ्या चाचण्या घ्या आणि त्या मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत असाव्यात असा आग्रह धरा. हा आग्रह महत्त्वाचा आहे. इंग्रजीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते इतके अनियमित आहे की घरात इंग्रजी न ऐकणारे मूल केवळ सराव कमी असल्यानेही अडू शकते. देवनागरीत ते नाते बरेच सरळ आहे. मुलाला मराठी रीतसर शिकवलेली असेल आणि तरीही चौथीच्या वयाला तो काना-मात्रा गाळत असेल, जोडाक्षराशी अडखळत असेल, ‘पाणी’ आणि ‘पणी’ यांतला फरक लिहिताना चुकत असेल, आणि ऐकलेल्या शब्दातला पहिला ध्वनी काढून उरलेला शब्द सांगता येत नसेल, तर अध्ययन अक्षमतेची शक्यता गंभीरपणे घ्यावी. ह्रस्व-दीर्घाच्या चुका मात्र मोजू नका. त्या मोठी माणसेही करतात. इंग्रजीत अडतो पण मराठी गोष्टीचे पुस्तक सलग वाचतो असे दिसले, तर मुख्य प्रश्न भाषेच्या माध्यमाचा असण्याची शक्यता अधिक, आणि त्याचे उत्तर वेगळे.

तपासणीचे निष्कर्ष काहीही आले तरी रोज वीस-पंचवीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, ध्वनी आणि अक्षर यांच्या जोडणीवर ठरवून काम करणारी विशेष शिक्षिका शोधा. सुरुवातीला एका मिनिटात तो किती शब्द बरोबर वाचतो ते लिहून ठेवा आणि दर दोन आठवड्यांनी त्याच पातळीच्या नव्या उताऱ्यावर पुन्हा मोजा. हा आकडा साधा आहे, पण बुद्ध्यंकापेक्षा तो आपल्या कामाचा आहे, कारण शिकवणे बदलले की तो हलतो. तीन महिन्यांत तो जागचा हलला नाही, तर शिकवण्याची पद्धत बदलायची. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळाले तर वाढीव वेळ, लेखनिक आणि परीक्षेतल्या इतर सवलती त्याला पुढे मिळतील. त्या घेण्यात कसलाही कमीपणा नाही. पण सवलत ही शिकवण्याला पर्याय नसते, हे शाळेलाही आणि आपल्यालाही लक्षात ठेवावे लागेल.

चाचण्यांतले प्रश्न आधी मिळवून मुलाकडून घोटून घेण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. तो घेऊ नका. अशाने एखादा आकडा वाढेल, पण ज्या मदतीची त्याला गरज आहे ती त्या वाढलेल्या आकड्यामुळेच नाकारली जाईल.

मुलाला आकडा सांगावा का, हा आपला शेवटचा प्रश्न. सांगू नये, आणि त्याच्यासमोर नातेवाइकांशी त्याची चर्चाही करू नये. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला त्रुटीचा पट्टा समजत नाही, ‘मंद’ हा शब्द मात्र लगेच समजतो. पण काहीच न सांगणेही बरे नाही, कारण आपल्याला दोन वेळा कुठेतरी नेऊन प्रश्न विचारले हे त्याला ठाऊक आहे आणि त्यातून त्याने स्वतःच काही अर्थ लावून घेतलेला असणार. त्याला सांगा की तुझे डोके कसे चालते ते पाहायला गेलो होतो, वाचनासाठी तुला वेगळ्या रीतीने शिकवायला हवे हे आम्हाला कळले आहे, आणि ते शिकवायला एक बाई येणार आहेत. ठोकळ्यांच्या रचनेत आणि चक्रव्यूहात त्याने वयाच्या मानाने चांगले काम केले असेल, आणि १०६ वरून तसे दिसते आहे, तर ते त्याला आज रात्रीच जेवताना सांगा.